बस स्टॉपजवळ आली आहे

सोमवार, २२ जुलै
भार्गवी ऑफिसच्या कामाने हैदराबादला गेली, शुक्रवारी सकाळी परत. तोवर आमच्या लेकीला, संहिताला, स्कूलबसमधून उतरवून घेणं माझ्याकडे. बेंगळुरूत आमच्या व्हाइटफील्डचा ट्रॅफिक असा की बस कधी येईल सांगता येत नाही. भार्गवी म्हणाली, रोज ड्रायव्हरला कॉल कर. कॉल कशाला? शाळेचं बस ॲप मीच बनवतोय. बस जवळ आली की सर्व्हरकडून पालकांच्या फोनवर आपोआप नोटिफिकेशन. शुक्रवारी शाळेत डेमो.

दुपारी टेस्टिंग. मीटिंगमध्ये माझा फोन सारखा वाजायला लागला. सुप्रीता मॅडम, म्हणजे बॉस, बोलता बोलता थांबल्या. माझ्या फोनवर ॲपची नोटिफिकेशन्स बंद केली. संध्याकाळी आठवणीने चालू करायची.

मंगळवार, २३ जुलै
आजपासून ॲप सगळ्या पालकांकडे चाचणीपुरतं सुरू. घरून काम, फोन समोर. निवांत.

नंतर शाळेतून फोन: बस येऊन गेली, स्टॉपवर कोणी नव्हतं. स्टॉपवर पालक नसेल तर मूल उतरवायचं नाही, हा त्यांचा नियम. संहिताला परत शाळेत नेलं होतं. रिक्षा सिग्नलला अडकली, रिक्षावाला म्हणाला, ‘स्वल्प वेट माडी सार,’ म्हणजे थोडं थांबा. माझा जीव टांगणीला. संहिता गेटजवळ दप्तर पाठीवर तसंच ठेवून बसली होती. रडली नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं. आइस्क्रीम दिलं, आईला सांगायचं नाही असं ठरलं.

लॉग बघितला. सर्व्हरने मला मेसेज पाठवलाय. म्हणजे चूक माझी नाही. नेटवर्क.

बुधवार, २४ जुलै
खालच्या मजल्यावर पुरुषोत्तम अण्णा राहतात. बेंगळुरूत कित्येक पिढ्या, मराठीत अर्धं कानडी. त्यांचा नातू त्याच बसने येतो. त्यांना म्हणे नोटिफिकेशन वेळेवर येतं. योगायोग असणार. म्हणाले, ‘मी जातोच की रे, अवधूत. तिला पण घेऊन येतो, सरी?’ म्हणजे, चालेल ना. नको म्हटलं. ज्याने ॲप बनवलं त्याचीच पोर शेजाऱ्याने आणायची?

फोन आजही गप्प. बाल्कनीतून बस दिसली म्हणून वाचलो. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी असा धावलो. संहिताने पायाकडे पाहिलं.

उद्या सर्व्हरचा कोडच बदलतो. न रहेगा बांस.

गुरुवार, २५ जुलै
बदल असा: पालकाने ‘मिळालं’ दाबेपर्यंत मेसेज पुन्हा पुन्हा जाईल. जबरदस्त आयडिया.

दुपारभर सगळ्या पालकांचे फोन ठणाणा करत राहिले. कोणाची मीटिंग, कोणाचं झोपलेलं बाळ. ग्रुपवर माझा उद्धार. शांत फक्त माझा फोन. पालकांना उत्तरं देत बसलो आणि बस निघून गेली.

संहिता परत शाळेत. आज रडली. घरी येईपर्यंत माझा हात धरला नाही.  देवा, उद्याचा दिवस नीट जाऊ दे.

कोड पूर्ववत केला. दोष फोनचाच. नवीन घ्यावा लागणार.

शुक्रवार, २६ जुलै
भार्गवी आली. संहिताने दारातच सगळं सांगितलं, आइस्क्रीमसकट. भार्गवीने माझा फोन मागितला, सेटिंग्ज उघडल्या आणि विचारलं, ‘हे बंद कोणी केलं?’

मी टेस्टिंगची प्रक्रिया समजावून सांगायला लागलो. तिने नोटिफिकेशन्स चालू केली, आवाज पूर्ण वाढवला, फोन हातात दिला आणि आपल्या कामाला लागली. म्हटलं, राग गेला. कुठल्याही इंजिनिअरकडून होऊ शकतं.

दुपारी डेमो. प्रिन्सिपल, सुप्रीता मॅडम, मध्ये टेबलावर माझा फोन. म्हटलं, आता बस माझ्या स्टॉपजवळ येईल आणि हा वाजेल. सगळे वाकून बसले. 

फोन वाजला. प्रिन्सिपलनी मोठ्याने वाचलं: ‘संहिताला उतरवून घेणारी व्यक्ती बदलली आहे. अवधूत यांच्याऐवजी: पुरुषोत्तम. बदल करणारी व्यक्ती: भार्गवी.’

सुप्रीता मॅडम म्हणाल्या, बघा, लगेच पोचतं.