फुटून गेलेल्या ताऱ्याचा उजेड

चोपडा, रविवार, ४ मे
मानवजातीवर झालेल्या अन्यायांत आज एकाची भर घालतो : माझी बाज वीतभर आखूड आहे. पाय सातपुड्याच्या दिशेने लोंबतात. घरमालक तोतारामनानांनी पाहणी करून निकाल दिला, की बाज बरोबर शे, पाय जास्त शेतस. बाकी सगळं उत्तम. जळगावच्या दैनिकाने मला तालुका वार्ताहर म्हणून इथे धाडलं, माझ्या बायकोला, शिल्पाला, अंगणाचं घर मिळालं, शेजारून केळीचा घड आला. उकाड्यापायी सगळी आळी धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या गच्चीवर, निजते, आम्हीही. गंमत म्हणजे इथे सगळे तोंडावर ओला पंचा घेऊन निजतात. नाना म्हणाले, उत्तरेला नवा तारा निघाला आहे, त्याच्याकडे बघत निजू नये. मी विचारलं, ताऱ्याला लाज वाटते का? नाना हसले नाहीत.

मंगळवार, ६ मे
वेधशाळेतल्या एका बाईंनी फोनवर समजावलं. अंधूक तारा फुटून एकाएकी तेजाळला आहे. काही तारे असे पिढी-दोन पिढ्यांनी पुन्हा पुन्हा फुटतात. पण आपण बघतो तो स्फोट हजारो वर्षांपूर्वीचा. उजेड वाटेत होता, तो आत्ता पोचतोय. म्हणजे दिसतं ते घडून गेलेलं. प्रत्यक्ष हे पहिलं प्रमाण, असं लिहून मी न्यायशास्त्राची परीक्षा पास झालो होतो; गुण परत करावे लागणार. संपादकांनी ही बातमी केळीच्या भावाखाली दोन ओळींत गाडली. संताप. शिल्पाला मात्र तारा फार आवडला, त्याच्याकडे बघत निजते. मी डासांपायी पंचा घेतो. नानांना हे कळता कामा नये.

शुक्रवार, ९ मे
शिल्पा माझ्या विनोदांवर उशिरा हसते. इतकी वर्षं मुळीच हसत नव्हती, म्हणून आधी प्रगती समजलो. पण आज न्याहारीला मीठ मागितलं, ते तिने दुपारी, मी वाचत बसलेला असताना, पुढ्यात आणून ठेवलं. चिडलो. नाही नाही ते बोललो. तिचा चेहरा शांत. संध्याकाळी मी गोड बोलत होतो, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

सोमवार, १२ मे
शिल्पाला दाखवून आणलं. डॉक्टर म्हणतात, कान उत्तम, उन्हाळा बाधला. गाढव आहे. आता आजचं उत्तर उद्या येतं. काल पुढचं दार उघडं होतं, आज मी कडी लावली होती. शिल्पा त्या बंद दारातून बाहेर गेली. कडी तशीच.

बुधवार, १४ मे
नानांच्या ओट्यावर जाऊन ओरडलो. त्यांनी मान खाली घालून सांगितलं, आज्याच्या वेळी हाच तारा निघाला होता. आज्याची बहीण त्याच्याकडे बघत निजली. पुढे कितीतरी दिवस ती अंगणात दिसत राहिली. दिसत राहिली म्हणजे काय, मी विचारलं. ते म्हणाले, मी सांगेल व्हतं ना, भाऊ. सांगितलं! रीत सांगितली, कारण का नाही सांगितलं? म्हणे, तुम्ही हसला असता.
हसलोच असतो. म्हणून तर संताप जात नाही.

गुरुवार, १५ मे
तारा विझत चाललाय. संपादक म्हणतात, बातमी संपली —
शिल्पा भाकरी थापते आहे. परात रिकामी. थापण्याचा आवाज नाही.
हाक मारली. पुन्हा मारली. कधी पोचेल —

शुक्रवार, १६ मे
ती उंबऱ्यात बसली आहे. माझ्या कुठल्याशा जुन्या बोलण्यावर हसते आहे.
खरं लिहितो. ताऱ्याची भीती नाही. नानांवरचा राग हा बहाणा होता. शिल्पा दिसते आहे. ती आहे का, हे मला माहीत नाही. हात लावला की कळेल. म्हणून हात लावलेला नाही.
उठली. इकडेच येते आहे. काल या जागी कोणी बसलं नव्हतं; ती कालचीच असेल, तर बंद दारातून गेली तशी माझ्यातूनही जाईल. ती माझ्यापाशी थांबली नाही, तर मग मी —