भिंतीवरचं तुमचं अर्धं वाक्य

बाबा, क्लबवाल्यांनी टेनिस कोर्टाच्या मागच्या भिंतीवर तुमचं वाक्य रंगवलं आहे. ‘वारा दोघांना सारखाच असतो.’ निळ्या रंगात, हातभर उंच अक्षरांत, खाली तुमचं नाव. ज्यांनी तुम्हाला, कोर्ट राखणाऱ्या नोकराला, जन्मभर ‘ए मार्कर’ म्हणून हाक मारली, त्यांच्या मुलांनी परवा मला मुलींच्या स्पर्धेच्या बक्षीस समारंभाला बोलावलं आणि त्याच भिंतीपुढे हार घातला. माझ्या अंगाचा भडका उडाला. तुम्ही असं कधीच म्हणाला नव्हता. तुम्ही म्हणायचात, ‘बाजू बदलली तं वारा दोघाईले सारखा.’ यांनी नेमकी अट गाळली.

माझ्या डोळ्यांपुढे अजून लहानपणची ती चैत्रातली सकाळ आहे. तुम्ही रोलर फिरवून चुन्याच्या रेषा ओढल्या आहेत आणि मेंबर यायच्या आधीचा तासभर मला शिकवता आहात. वर्ध्याचा कोरडा वारा जाळी फुगवतो. मी सर्व्हिससाठी चेंडू उंच फेकते, तो डोक्यामागे जातो. ‘एवढा वर काऊन फेकतं? वाऱ्याच्या हाती देऊन राह्यली का?’ वारा समोरून असेल तर मोकळ्या हातानं मारायचं, पाठीमागून असेल तर हात आखडून, चेंडूला फिरकी देऊन. रेषेचा मोह धरायचा नाही, मधोमध मारायचं. आणि पाय शेवटच्या क्षणापर्यंत हलते ठेवायचे, कारण अशा हवेत चेंडू आला म्हणेपर्यंत सरकलेला असतो. मी वाऱ्याला शिव्या दिल्या की तुम्ही रॅकेट काढून घ्यायचात. वाऱ्याबद्दल तक्रार नाही, पण पहिला, तिसरा, पाचवा गेम संपला की बाजू बदललीच पाहिजे. तुमच्या लेखी सगळा न्याय तेवढ्यात होता.

मग याच क्लबच्या स्पर्धेत, त्या फायनलला काय झालं होतं? मी पंधरा वर्षांची, समोर क्लबच्या सेक्रेटरींची मुलगी. नाणं तिनं जिंकलं आणि वारा पाठीशी घेतला. पहिल्या गेमनंतर मी निघाले, तर सेक्रेटरी खुर्चीतूनच म्हणाले, पाहुण्यांना गाडी गाठायची आहे, एकच सेट आहे, बाजू बदलत बसू नका. तुम्ही लाइनवर उभे होता. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही खाली, स्वतः ओढलेल्या रेषेकडे पाहत राहिलात. तुम्ही शिकवलेलं सगळं मी त्या वाऱ्यात केलं, बाबा. सर्व्हिसला चेंडूची बुटकी फेक, बारीक पावलं, मधोमध फटके. चार-सहा हरले. तेवढे चार गेम तुमचे होते. हरवलं मला तुमच्या गप्प बसण्यानं.

त्या दिवसापासून मी गप्प बसलेले नाही. मोर्च्यात, सभांत, कॉलेजांच्या व्यासपीठांवर मी ही फायनल सांगत आले. परवाही सांगितली. ज्याच्या पाठीशी वारा आहे त्यालाच अर्धं वाक्य पुरतं, असं माईकवरून ठणकावलं. रंगारी बोलावून पूर्ण वाक्य लिहा, त्याशिवाय इथे पाय ठेवणार नाही, असंही बजावलं. टाळ्या पडल्या. सेक्रेटरींची तीच मुलगी, आता पिकल्या केसांची, पहिल्या रांगेत मान खाली घालून बसली होती. मला बरं वाटलं.

घरी आले आणि आपलं स्वयंपाकघर आठवलं. त्या संध्याकाळी तुम्ही पाटावर बसला होता, ताटातली भाकरी तशीच होती. मी दारात उभी राहून विचारलं होतं, ‘तुमी काऊन नाई बोलले?’ तुम्ही म्हणालात, ‘मी भेलो, बाई. पण सकायच्या मॅचले तू काऊन नाई बोलली?’

सकाळी सेमीफायनल होती. समोर पुलगावची एक मुलगी, माझ्याहून लहान. ऊन चढतंय म्हणून तेव्हाही बाजू बदलू दिल्या नव्हत्या. नाणं मी जिंकलं होतं, वारा माझ्या पाठीशी होता. तिचा एकेक फटका जाळीपर्यंत येऊन पडत होता, आणि ती माझ्याकडे पाहत होती.

हा कागद तुमच्या रॅकेटच्या कव्हरात ठेवते आहे. इतक्या भाषणांत ती सकाळ मी एकदाही सांगितलेली नाही. त्या मुलीचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं.