फक्त कोरसपुरता

५ मार्च, बुधवार
कार्निव्हल संपला. सकाळी चर्चमध्ये कपाळाला राख लावून घेतली. संकल्प : उपासाच्या या चाळीस दिवसांत, ईस्टरपर्यंत, एकही थाप मारायची नाही. सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच मनापासून.
दुपारी स्टुडिओत दायरा आली. चार दिवस मिरवणुकीत किंचाळून आमच्या या गायिकेचा घसा पार बसलाय. नुसती हवा येते. आणि गाणं शनिवारी, महिला दिनालाच यायला हवं. गाणं माझं : ‘माझा आवाज माझाच’. अख्ख्या बरांकिया शहरात बायकांच्या बाजूनं लिहिणारा दुसरा पुरुष दाखवा!

६ मार्च
तोडगा सापडला. दायराला चाल कळावी म्हणून आधी माझ्या मामेबहिणीकडून, नियीकडून, गाऊन घेतलं होतं. दायराचं पहिलं कडवं कार्निव्हलआधीच झालं होतं; उरलेल्याला नियीचाच आवाज ठेवला. फक्त कोरसपुरता, धृपदापुरता. (आणि दुसरं कडवं.) नियीचं नाव द्यायचंच. उद्या फोन करतो.

८ मार्च
फोन राहिला. गाणं सकाळी आलं, दुपारपर्यंत तुफान! बसमध्ये, सलूनमध्ये, फळांच्या गाड्यांवर. रेकॉर्ड कंपनीचा माणूस म्हणाला, नाव-बिव काही नाही. ‘माझा आवाज माझाच’, आणि आवाज भलतीचाच? लोक तोंडात शेण घालतील. गप्प बसलो. गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.

११ मार्च
मामीनं बसमध्ये आवाज ओळखला. ड्रायव्हरला रेडिओ मोठा करायला लावला, म्हणे, अहो, ही माझी पोर! संध्याकाळी अख्खी गल्ली दारात डोलखुर्च्या टाकून बसलेली. शेजारीण म्हणाली, काय रे एदी, खरं का हे? मी हसलो. नुसता हसलो. मग सगळेच हसले. मामी एकदम म्हातारी दिसली. नियी कैरीला मीठ-लिंबू लावत होती. मला एक फोड दिली. रुमालात गुंडाळून घरी आणली.

१४ मार्च
नियी आली. तिची नऊ वर्षांची मार्येलिस शाळेत सांगून बसलीय, तो आवाज माझ्या आईचा. पोरी तिला थापाडी म्हणतात, डबा खाताना शेजारी बसत नाहीत. नियी म्हणाली, पैसे नकोत, नाव नको, पुढच्या शुक्रवारी शाळेत ये आणि पोरांसमोर खरं काय ते एवढंच सांग. म्हटलं, अगं, हे काय सांगायला हवं? वचन दिलं. फार हलकं वाटलं. जणू सांगूनच झालं.

१९ मार्च
रेडिओवर मुलाखत. पुरुष असून बायकांचं मन इतकं कसं कळतं? म्हटलं, मी त्यांचं ऐकतो. मुलाखत घेणाऱ्या बाईंचे डोळे भरून आले. माझेही. घरी येऊन आरशात बघवेना, दाढी राहिली.

२१ मार्च, शुक्रवार
शाळा. इस्त्रीचा शर्ट. मार्येलिस पहिल्या रांगेत, केसांत दोन पिवळ्या रिबिनी. भाषण पाठ होतं. तेवढ्यात बाईंनी फळ्यावर दायराचा फोटो लावला, पोरांनी गलका केला आणि पाठ केलेलं बाजूलाच राहिलं. म्हणालो, मुलींनो, हा आवाज तुम्हा सगळ्यांचा आहे! मार्येलिसनं हात वर केला : मामा, पण आईचाच ना? म्हटलं, तुझी आईही छान गाते हं. वर्ग खो खो हसला. तसं पाहिलं तर खोटं असं मी एकही वाक्य बोललो नाही. थू माझ्यावर.

२३ मार्च, रविवार
आज सोक्षमोक्ष. नारळाचा केक घेऊन नियीकडे गेलो. दार मार्येलिसनं उघडलं. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, सॉरी मामा, मी शाळेत खोटं बोलले. बाईंनाही तसं चिठ्ठीत लिहून देणारेय. आई म्हणते तिचाच आवाज, पण तिला तसं वाटत असेल. तू रागावू नकोस.
आत नियी भांडी घासत होती. तिला सगळं ऐकू जात होतं.
मी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, असू दे गं, होतं असं कधी कधी.