धुऱ्यावरच्या जुड्या

मुर्री, बुधवार, संध्याकाळ

रोवणी अर्धीच झाली. रोवायला वाढवलेले माझे धानाचे पऱ्हे पिवळे पडलेले, मोठ्या जावेचे हिरवेगार. दुपारी तिने आपल्याकडच्या उरलेल्या पऱ्ह्यांच्या जुड्या स्वतः आणून दिल्या. म्हणाली, "घे वं, तुह्या बांधीत लाव." मी त्या बांधीच्या कडेला धुऱ्यावर उन्हातच ठेवल्या. रोवणाऱ्या बायांनी विचारलं, "काऊन नाही लावून राहिली?" काय सांगणार? तिच्या पऱ्ह्यांनी माझी बांधी भरली, असं गावाने म्हणू नये म्हणून?

दिवस कलला तेव्हा जुड्यांनी माना टाकल्या होत्या. घरी जाताना जावेने पाहिलं. वाकून एकेक जुडी उचलली आणि माझ्याच बांधीच्या पाण्यात उभी केली. उद्यापर्यंत जगतील कदाचित, त्या जुड्या.

आणि मला पुन्हा तिचाच राग आला.