सप्टेंबरच्या चार रेघा

२ जुलै १९६८, मंगळवार. मुळगाव, गोवा

हजेरीपटाची पाने दमटपणाने फुगली आहेत, शाई पसरते. शाळेच्या दोन टंकयंत्रांपैकी एकाची तीन अक्षरे दाबली की खालीच राहतात, बोटाने उचलावी लागतात. बार्शीस सव्वीस वर्षे पुसून ठेवलेले बूट पुसलेलेच राहिले. येथे शनिवारी ठेवले, सोमवारी त्यांवर हिरवी बुरशी. दोन वर्षांच्या उसनवारीच्या नेमणुकीपैकी हे दुसरे वर्ष. सवय व्हावयास हवी होती.

सौ.ला पहाटे पुन्हा दमा. आठ दिवसांत तिसऱ्यांदा. खिडकीची कड धरून उभी होती. मी पाठीवर हात ठेवला तर म्हणाली, "हात नको, जड होतो."

३ जुलै, बुधवार

डिचोलीस डॉक्टरांकडे नेले. त्यांचे मत : ही हवा हिला सोसणार नाही, कोरड्या मुलखात न्यावे. मी विचारले, "किती झटके आले म्हणजे न्यावे?" ते हसले. आकडा दिला नाही. गोळ्या दिल्या.

आकड्यावाचून निर्णय कसा करावयाचा?

४ जुलै, गुरुवार

ठरविले. झटका आला की त्या दिवसाच्या तारखेखाली एक रेघ. महिन्याकाठी दहा रेघा भरल्या तर नेमणूक सोडून बार्शीस परत. दहाच्या आत असल्या तर मार्चपर्यंत थांबावयाचे. अकरावीची नऊ मुले ही या शाळेची वाणिज्याची पहिली तुकडी आहे, आणि माझ्याखेरीज तो विषय शिकविणारा येथे कोणी नाही.

सौ.ला नियम वाचून दाखविला. ती तांदूळ निवडत होती. "दहा?" म्हणाली. "हो, दहा." पुन्हा तांदूळ.

१९ जुलै, शुक्रवार

पाऊस सलग अकरावा दिवस. ओसरीवर बसून टिपण करीत होतो. घराचा पुढचा अर्धा भाग आमच्याकडे, मागचा घरमालकीण भामाबाय यांच्याकडे. विधवा, साठीच्या. एक गाय, एक वासरू, आणि एक मुलगा, जो सुर्ल्याला खनिजाच्या ट्रकवर आहे. पावसाळ्यात खाणी बंद, म्हणून सध्या घरीच. डोक्यावर गोणपाट घेऊन अंगणातून जाता जाता म्हणाल्या, "मास्तरानु, तुमी पावसाचीय हजेरी घेतास मां?"

सौ. आतून हसली. हसताना खोकला आला, पण तेवढाच. रेघ नाही.

३१ जुलै, बुधवार

महिन्याच्या रेघा : आठ. दहाच्या आत.

९ ऑगस्ट, शुक्रवार

व्यापारी पत्रव्यवहार शिकविताना मुलांना तक्रारीचे पत्र लिहावयास सांगितले. सुर्ल्याच्या एका मुलीने खाणीच्या मालकास लिहिले की, आपला गाळ आमच्या शेतात आला आहे, तरी तो परत नेण्याची व्यवस्था व्हावी, कळावे. नमुना निर्दोष, दिनांक, संदर्भ, विषय, सर्व जागच्या जागी. मी दहापैकी नऊ गुण दिले. एक कापला, कारण पत्त्यात तालुका नव्हता.

संध्याकाळी सौ.ला सांगितले. "एक कशाला कापलात हो!" बराच वेळ त्यावरून वाद. वर्गात काय झाले ते तिला सांगणे हे आता रोजचेच झाले आहे. येथे दुसरे कोणी बोलावयास नाही.

१९ ऑगस्ट, सोमवार

भामाबाय सौ.ला सकाळी देवळात घेऊन गेल्या. येथील लोक कोणतेही मोठे काम देवाचा कौल घेतल्यावाचून करीत नाहीत. गुरव फुलाच्या पाकळ्या ओल्या करून मूर्तीच्या दोन्ही अंगांस चिकटवितो. प्रश्न विचारावयाचा आणि थांबावयाचे. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पाणी सुकले की पाकळी पडणारच, आणि कोणती आधी सुकेल ते वाऱ्यावर. हे मी बोललो नाही.

सौ. परत आली ती केसांत फूल माळून. विचारले, "काय म्हणाला देव?"

"राहा म्हणाला."

भामाबाय तिच्यामागे उभ्या होत्या. तशाच पाठ फिरवून गोठ्याकडे गेल्या. एरवी त्या अशा जात नाहीत.

३१ ऑगस्ट, शनिवार

सहा रेघा. गणेशचवथीच्या गर्दीत व धुरात एकही नाही, हे विशेष.

३० सप्टेंबर, सोमवार

चार. आठ, सहा, चार. गोळ्यांची बाटली मोजून पाहिली. उरलेल्या गोळ्या रेघांशी तंतोतंत जुळतात. हवा मानवली. डॉक्टरांचे अनुमान चुकले, असे त्यांस नम्रपणे कळवावे काय? नको.

मुख्याध्यापकांस मार्चपर्यंत राहत असल्याचे लेखी दिले. त्यांनी हात हातात घेतला, सोडीचनात. सौ.ला सांगितले. "बरं झालं," म्हणाली, आणि उठून मागच्या दाराने भामाबायकडे गेली. आनंदाची बातमी सांगावयास गेली असावी.

१४ ऑक्टोबर, सोमवार

खाणी सुरू झाल्या. सकाळी सातपासून ट्रक. रस्त्याकडेची केळीची पाने लाल, शाळेची बाके लाल, माझा रुमाल दुपारपर्यंत विटकरी. भामाबायचा मुलगाही ट्रकवर गेला.

महिन्यात अद्याप एकच रेघ. परंतु सौ.च्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. विचारले. "साबणाने सैल झाल्या."

साबणाने बांगड्या सैल होत नाहीत.

२३ ऑक्टोबर, बुधवार

जसे घडले तसे लिहून ठेवतो.

सौ. विहिरीवर होती. भामाबाय पुढच्या दाराशी आल्या. आत या म्हटले तर आल्या नाहीत, उंबऱ्याबाहेर उभ्या.

"मास्तरानु, तुमकां एक गजाल सांगूची आसा. रागाव नकात."

मी पेन खाली ठेवले.

"देवान डावी पाकळी दिल्यान. हांगा रवा नकात म्हणान. वयनीन माका शपथ घातल्यान, ह्यांना सांगू नका म्हणाली. दोन म्हयने मी देवाचो कौल पोटात घेवन फिरतंय. काल वासरू गेलां. आता माझो झील ट्रकार गेलो हा. देवान सांगलेला लपवन माका जगूक जमाचा नाय."

मी म्हणालो, पाकळीचे राहू द्या. दम्याचे काय?

त्यांनी माझ्याकडे पाहिले, वर्गात न समजलेल्या मुलाकडे मी पाहतो तसे. "तुमी शाळेत गेल्यार ती माझ्या गोठ्यात येवन बसता. गायीक टेकान. घरात झाला तर म्हणता, शेजारी आयकतले, त्येंच्या कानार जायत, आनी त्येंका कळात."

"कितीदा?"

"मी काय तुमच्यावरी रेघा मारतंय? रोज म्हणा. कधी दोनदां."

मग मागे आपल्या घरात जाऊन भाताच्या कणगीतून एक बाटली काढून आणली. त्याच गोळ्या. मुलगा डिचोलीहून आणून देत असे. माझ्या बाटलीतील गोळ्या जुळत होत्या, कारण लपविलेल्या झटक्यांना ती माझ्या बाटलीतून घेतच नव्हती.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

शाळेत गेलो नाही. नोकरीत प्रथमच विनासूचना.

सौ.समोर दोन्ही बाटल्या ठेवल्या. तिने नाकारले नाही. "तुम्ही दहा म्हणालात ना, म्हणून."

मी म्हणालो, नियम तुझ्यासाठीच केला होता. तिला मध्येच धाप लागली आणि या वेळी ती उठून गेली नाही. माझ्यासमोर बसून राहिली. मी घड्याळ पाहत होतो, दुसरे काय करावे ते सुचेना. सतरा मिनिटे. नंतर बोलली, थांबत थांबत :

"बार्शीला तुम्ही शाळेतून आलात की वर्तमानपत्र तोंडापुढे धरायचात. जेवण झालं की वह्या. सव्वीस वर्षं. मी त्या कागदाची मागची बाजू वाचत बसायची. इथे आलो आणि तुम्ही मला वर्गातलं सांगायला लागलात. त्या गाळाच्या पत्राचं सांगितलंत. मला वाटलं, मार्चपर्यंत तर मिळेल."

मी तिला पाणी आणून दिले. बोलावयास हवे होते.

दुपारी मागील पाने काढून बसलो. सप्टेंबरच्या चार रेघा खोडल्या नाहीत. त्या खऱ्या आहेत. त्यांच्यामधली कोरी जागा खोटी आहे.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

मुख्याध्यापकांकडे मुक्ततेचा अर्ज नेला. त्यांनी वाचला, घडी करून मलाच परत दिला. "घरची अडचण आहे, मी अडवणार नाही, सर. पण त्या नऊ जणांना तुम्हीच सांगा. मला ते जमणार नाही."

वर्गात गेलो. खडू घेतला. टंकलेखनाच्या चुका सांगितल्या आणि बाहेर आलो.

२७ ऑक्टोबर, रविवार

तुझ्याबरोबर मीही बार्शीस परत येत आहे, असे सौ.ला सांगितले. ती म्हणाली, "त्या पोरांना अर्ध्यावर सोडून आलात तर तुम्ही घरी येऊन पुन्हा पेपरच धराल तोंडापुढे. मी ओळखते तुम्हाला. मार्च करून या."

हे खरे आहे काय, याचा विचार करीत आहे. बहुधा खरे आहे. माझ्या बाबतीत तिचे अनुमान आजवर...

भामाबाय गोठ्यातून मोठ्याने : "वयनी, ह्यो शेण्यो सुकल्यो गो, बाजूक घे!" नेहमीसारखे. दोघींचे बोलणे सुरू आहे. शपथ मोडल्याचा राग सौ.ला नाही.

३ नोव्हेंबर, रविवार

मेहुणे बार्शीहून काल आले. आज म्हापशास बेळगावच्या गाडीत दोघांना बसविले. पुढे मिरजेस गाडी बदलून बार्शी. भामाबायने वाटेसाठी केळी आणि फडक्यात बांधलेला अंगारा दिला. सौ.ने खिडकीतून हात बाहेर काढला. बांगडी निसटेल म्हणून दुसऱ्या हाताने धरून.

"रोज लिहा," म्हणाली. "वर्गातलं."

गाडी सुटताना धूर आला. तिने पदर नाकाला लावला. त्यापुढचे दिसले नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार

रोज एक कार्ड लिहितो. आजचे : बंद पडलेल्या यंत्राची तीन अक्षरे मुलांनी खोबरेल घालून सुरू केली, आता ती तीनच चालतात, बाकीची अडतात. सर्व वर्ग हसला, मीही. हे तिला प्रत्यक्ष सांगावयाचे होते.

संध्याकाळी पदेराकडून पाव घेतला व चहाबरोबर खाल्ला. स्वयंपाकघरात भांडी उपडी.

१८ नोव्हेंबर, सोमवार

सौ.चे पहिले पत्र. दोन पाने. हवा कोरडी आहे, झोप लागते, झटका एकही नाही. अक्षर नेहमीचे, ओळी सरळ.

भामाबायला वाचून दाखविले. "बरां जाला," म्हणाल्या, मग, "तिणां लिवला म्हणान खरां?" मेहुण्यांस वेगळे विचारावे काय? म्हणजे पुन्हा तीच तपासणी.

२ डिसेंबर, सोमवार

दुसरे पत्र. एक पान. "एकही नाही." मेहुण्यांचीही खाली एक ओळ, ठीक आहे, काळजी नसावी. मेहुणे मनमिळाऊ गृहस्थ आहेत. बहिणीने सांगितले तर काहीही लिहितील.

१५ डिसेंबर, रविवार

काल कार्ड आले. पाच ओळी. मजकूर तोच : मी बरी आहे, एकही झटका नाही, त्या मुलीला तो एक गुण परत दिलात की नाही.

सकाळपासून कार्ड उजेडात धरून पाहत आहे. सौ. एकटाकी लिहिते, ओळ संपल्यावाचून टाक उचलीत नाही. सव्वीस वर्षांच्या वाणसामानाच्या याद्या माझ्या पाहण्यात आहेत. या कार्डावर दर दोन शब्दांनंतर टाक उचललेला आहे. शाईचा ठिपका, मग पुढचा शब्द, पुन्हा ठिपका. कदाचित टाक खराब असेल. थंडीने बोटे आखडली असतील. बार्शीस डिसेंबरात थंडी असते.

भामाबायला दाखविले. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी ठिपक्यांवरून बोट फिरविले आणि कार्ड परत दिले. "फाल्यां सोमार. देवळात येवा. कौल घेवया."

मी म्हणालो, माझा विश्वास नाही.

"तुमचो नाय तर नाय. देवाक तुमच्या विश्वासाचा काय करूचा आसा? प्रश्न तेवढो नीट घेवन येवा. एकच. हो काय नाय, इतकोच."

दुपारी कागद घेऊन बसलो. मुक्ततेचा अर्ज नव्याने लिहून काढला. दिनांकाची जागा मोकळी ठेवली. मग प्रश्न लिहू लागलो. पाच वेळा लिहिला. मी जावे काय, असा लिहिला तर त्यात ती बरी आहे काय हा दुसरा प्रश्न येतो. ती बरी आहे काय, असा लिहिला तर, तिने लिहिले तेच देवाने सांगितले तर मी ते मानीन काय, हा तिसरा. एकच प्रश्न असलेले वाक्य मला करता आले नाही. नऊ मुलांना मी तेच शिकवितो.

त्या मुलीचा गुण वाढविला आहे. दहापैकी दहा. सौ.ला आजच्या कार्डात कळविले.

उद्या साडेसात वाजता भामाबाय हाक मारतील. अर्ज कोटाच्या खिशात आहे.

आजच्या तारखेखाली रेघ ओढावयाची की नाही, हे येथून कळत नाही. जागा सोडून ठेवली आहे.