गंगेची लोटी आणि दत्ताराम मिस्त्रीचं बिल

सोमवार, १ फेब्रुवारी १९५४
भांडुपच्या गॅरेजातून गाडी आली. दत्ताराम मिस्त्रीने कार्बोरेटर का काय ते साफ केलं. ह्यांनी मुकाट बिल भरलं. लेकीचे, शुभाचे, दिवस भरत आलेत, गाडी तयार हवीच. मुलुंडाहून घाटकोपरचं हॉस्पिटल म्हणजे काही शेजारचं घर नाही. माझी शेवंतीताई बाळंतपणात बैलगाडीतच गेली, दवाखान्याच्या अलीकडे. पण मी घाबरत नाही. घाबरणाऱ्या बायका वेगळ्या.
गाडीला हळदकुंकू लावलं. नारळ फोडला. चाकांखाली लिंबं. मग देवघरातली गंगेची सीलबंद लोटी उघडली, पेट्रोल घालतात त्या तोंडात चार पळ्या गंगा घातली, वर तुळशीचं पान. पोटात जातं तेच लागू पडतं. ह्यांना बोलले नाही. त्यांची श्रद्धा कमी.

बुधवार, ३ फेब्रुवारी
रेल्वेच्या फाटकात गाडी बंद! ऐन रुळांवर! लांब शिट्टी ऐकू आली. भाजीवाल्यांनी ढकलून बाहेर काढली. हे म्हणतात मी किंचाळले. साफ खोटं. हाक मारली, जरा मोठ्याने. रामरक्षा उलटी म्हटली असंही म्हणतात. मला ती सरळ तरी कुठे येते?
दुरुस्त करून आणलेली गाडी तिसऱ्या दिवशी मरते म्हणजे काय? उद्या मिस्त्रीला सरळ करते.

गुरुवार, ४ फेब्रुवारी
केला सरळ. म्हटलं, मेल्या, गाडी नीट केलीस की बिघडवलीस? तो म्हणाला, वयनीनू, टाकीत पाणी आसा. टाकी रिकामी करून पुसली, त्याचं बिल वेगळं म्हणे! मी म्हटलं, पाणी आलं कुठनं? तर म्हणतो, ता तुमकाच म्हायत, गाडी पेट्रोलार चालता, पाण्यार नाय. मी म्हटलं, तुझंच गॅरेज गळतं. तो वर पत्र्याकडे बघून म्हणाला, फेब्रुवारीत?
हे मध्येच म्हणाले, देऊन टाकू ना. मी डोळे वटारले. तुझी चूक, तू निस्तर, असं सांगून आले. पै देणार नाही. मिस्त्री हसत होता. घाबरला की माणूस हसतो.
घरी येऊन टाकीत पुन्हा गंगा घातली, वर तुळशीचं पान. पहिली ह्याने सांडून टाकली ना.

शनिवार, ६ फेब्रुवारी
डॉक्टर म्हणाले, शुभाचं आता कधीही. रात्री झोप नाही. डास फार झालेत.
गाडी खोकते. मिस्त्रीने बिलाच्या रागाने काहीतरी ढिलं सोडलंय. आजपासून रोज सकाळी दोन पळ्या. एक दिवस चुकवायचा नाही.

मंगळवार, ९ फेब्रुवारी
हॉस्पिटलापर्यंत रंगीत तालीम केली. शुभाच्या जागी मी बसले, पोटाला उशी बांधून. वजन बरोबर हवं. आग्रा रोडवर गाडी धक्के देत थांबली. हे बॉनेट उघडून आत बघत उभे. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नाही. तेवढ्यात एका कोळणीने टोपली खाली ठेवली, खिडकीतनं माझा हात धरला आणि म्हणाली, या वयान गो बाय? उशी काढून दाखवायची सोय नव्हती. तिने माझ्या पाठीवरनं हात फिरवला. मी जरा रडले. उशी घट्ट बांधली होती म्हणून.
शुभाला सांगितलं, तालीम झकास झाली.

रविवार, १४ फेब्रुवारी, संध्याकाळ, हॉस्पिटल
अक्षर वाकडं येतंय. पेन वाईट आहे.
जेवण झालं आणि शुभाच्या कळा सुरू. हे चप्पल शोधत बसले. मी एकच काम शांतपणे केलं. लोटीत होती नव्हती ती सगळी गंगा टाकीत ओतली. आता काळजी नाही म्हटलं.
गाडी भांडुपपर्यंत आली आणि बसली. मिस्त्रीच्या दारात! शुभा ओरडली. मी बघितलं तर शेवंतीताईच दिसली, तोच रंग, तोच घाम. पुढचं नीट आठवत नाही. शुभा म्हणत होती, आई, आधी माझा हात सोड, मोडेल. मिस्त्री बनियनवर धावत आला. एक शब्द बिलाचा नाही. लॉरीतले टायर खाली फेकले, तिथे गादी टाकली, आम्हाला वर चढवलं. वाटेत मागे बघून म्हणाला, वयनीनू, रडा नकात, पोचतलो.
मी रडत नव्हते. धूळ होती.
आत्ता नर्स आली. मुलगी. दोघी सुखरूप. दोनदा विचारून घेतलं. मग तिसऱ्यांदा.

मंगळवार, १६ फेब्रुवारी
मिस्त्री गाडी घेऊन आला. टेबलावर टाकी पुसल्याची दोन्ही बिलं ठेवली, मागचं आणि आजचं, वर एक बाटली. टाकीतनं निघालं ते. पाणी, आणि पाण्यात तुळशीचं पान. म्हणाला, माझ्या गॅरेजात तुळस रुजना नाय.
ह्यांनी पान बघितलं. मग देवघर. मग मला.
बिलं मीच दिली. नातीच्या पायगुणाने दिली, दुसरं काही नाही. चहा दिला, लाडूही दिला.
बारशाला शुभाची सासू येणार, घरात गंगा शिंपडायला मागणार. लोटी ठणठणीत. बाटलीतली गंगा फडक्यातनं गाळून परत भरली. गंगा ती गंगाच. वास येतो थोडा. सांगेन, काशीचा आहे.
हे एवढंच म्हणाले, निरांजन जवळ नेऊ नकोस.
मी मुळीच घाबरले नाही. लोटी तेवढी अंगणात नेऊन ठेवली.