बाबलची फाईल

आये,

आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं, मग खोडलं. शिळी मासळी ताजी म्हणून विकू नये, असं तूच सांगायचीस. मला तुझा राग आलाय, तर रागानेच लिहिते.

तू श्रावणात गेलीस. सहा महिने झाले. आत्ता दुपारचे तीन वाजलेत आणि बाबल पडवीत चटईवर झोपलाय, चार घास पेज गिळून. उद्या सकाळी त्याला मोठ्या इस्पितळात न्यायचंय. दाढ काढायचीय, आणि भूल दिल्याशिवाय ती निघणार नाही. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी मला एक कागद भरून आणायला सांगितलाय. पेशंटला याआधी भूल दिली होती का? कधी, कशासाठी? कुठल्या इंजेक्शनचा त्रास झाला होता का? तासभर पेन धरून बसलेय. नाव लिहिलं, वय लिहिलं छत्तीस, आणि पुढे सगळा कागद कोरा! सख्ख्या भावाचा कागद, आणि मला नावापलीकडे काही येत नाही. उत्तरं तुझ्याकडे होती. म्हणून तुला लिहायला घेतलं.

कशी गो तू अशी? वीस वर्षं मी फोन करत होते. दर खेपेला विचारायचे, बाबल कसा आहे? आणि दर खेपेला तुझं एकच, "बरो आसा. जेवलो. तुझां काय ता सांग." त्याला फिट यायच्या तेव्हाही बरो. दवाखान्यातून परत आलात तेव्हाही बरो. पाच-सहा शब्दांत सगळं भागवणारा माझा भाऊ, त्याचं दुखणंखुपणं सगळं तुझ्या डोक्यात, आणि तू ते डोकं घेऊन चालती झालीस! फिटच्या गोळ्यांचा डबा तेवढा मागे ठेवलास, तो तरी कशाला ठेवलास?

तेराव्यानंतर मी त्याला फोंडाघाटला घेऊन आले. तूच मला इतक्या लांब दिलंस, घाटाच्या पायथ्याशी, जिथे मासळीसुद्धा स्कूटरवरून येते. सासूबाईंनी एका शब्दाने कुरकुर केली नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण तू जन्मभर त्यांना घाबरलीस. उगाच घाबरलीस.

दोन महिने बरे गेले. मग तो गालावर मारून घ्यायला लागला. उजव्या गालावर, मुठीने, धपाधप. जेवण टाकलं. ताट समोर आलं की भिंतीकडे तोंड. सगळे म्हणाले, "आवशीची आठवण येता त्येका." मीही तेच म्हणाले. सगळ्यांत आधी बहुतेक मीच म्हणाले असेन. त्याच्याबरोबर बसून रडलेसुद्धा, आये! तो दाढेने कळवळत होता आणि मी त्याच गालावर हात फिरवत तुझ्या नावाने रडत होते.

मग देवळात गुरवाकडून गाऱ्हाणं घातलं. नारळ ठेवला. "ह्या झिलाच्या आवशीचो जीव खंय अडाकललो आसात तर तो मोकळो कर रे म्हाराजा!" आणि आम्ही सगळे हात जोडून, "व्हय म्हाराजा!" तुझा जीव अडकलाय, असं आम्ही देवाला सांगून आलो. दाढेचं कुणी सांगितलंच नाही, तर तो तरी काय करणार?

दवाखान्यात नेलं ते त्याहून वाईट. तो घराबाहेर निघेना, म्हणून मी सांगितलं, चल, आंगणेवाडीच्या जत्रेला जाऊया. जत्रा अजून लांब होती, पण त्याला कुठे तारीख कळते! खूश झाला. नवा शर्ट घालून रिक्षात बसला, वाटभर "खाजा, खाजा" चाललेलं. आणि उतरलो तर दवाखाना. नंबर सतरावा. दीड तास बाकावर बसवून ठेवला. आत गेल्यावर डॉक्टरांनी पांढऱ्या कोटातला हात पुढे केला मात्र, बाबलने टेबलावरची काच फोडली. डॉक्टर लांबूनच म्हणाले, "अशा पेशंटांचं असंच असतं, ताई," आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. कधीपासून मारून घेतो, काय खातो, ताप येतो का, काही विचारलं नाही. आणि खरं सांगू? विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते? गोळ्या घेऊन तो दिवसभर लोळत पडायचा, आणि जाग आली की पुन्हा गाल.

मागच्या महिन्यात तुझं बंद घर उघडायला मालवणला गेले, त्याला घेऊन. बाजारात जैतुनखाला होती. पंचवीस वर्षं तुझ्या पाटीला पाटी लावून बसली ती. बाबल धावत जाऊन तिच्या शेजारी बसला, तुझ्या जागेवर, आणि बसल्या बसल्या गालावर मारायला लागला. जैतुनखालाने हातातला कोयता खाली ठेवला.

"गो वैशू, ह्येची दाढ दुखता!"

"तुला कसं कळलं?"

"कसां म्हणजे? डोक्यार मारून घेता तेव्हा कान, हात चावता तेव्हा पोट, आणि गालार मारता तेव्हा दात. तुका म्हायत नाय?"

तुका म्हायत नाय! भर बाजारात, आये. चार गिऱ्हाइकं ऐकत उभी होती.

मग तिने पाटीतला एक बांगडा उचलला, त्याच्यासमोर धरला आणि अंगठ्याने कल्ला वर केला. आत लालभडक. "बाबल्या, आता तुझो कल्लो दाखय!" आणि बाबलने गालात बोट घालून तोंड उघडलं. हे एवढं मोठं! जे तोंड गेले तीन महिने माझ्यासाठी पेजेच्या चमच्यापुरतं उघडत नव्हतं, ते. मासळी ताजी आहे हे गिऱ्हाइकाला दाखवायला तुम्ही दोघी दिवसभर जे करायच्या, तेच तू त्याला शिकवून ठेवलंस. दवाखान्याची तारीख आली की आधीचे आठ दिवस, रोज, बाजारात बसून. मला कधी सांगितलंस? लग्नाआधी मी बाजारात यायचेच नाही, वास येतो म्हणून, हे कबूल. पण फोनला तर वास नव्हता!

जैतुनखाला मासे कापता कापता सांगत राहिली. आदल्या दिवशी त्याला नुसतं दवाखान्याच्या पायरीवर बसवून परत आणायचं. नंबर पहिला घ्यायचा, नाहीतर जायचंच नाही. त्याचा जुना टॉवेल खांद्यावर हवा. डॉक्टरांना आधी हात जोडून सांगायचं, तेवढा कोट काढून ठेवा. "आणि त्येका खोटा सांगूचा नाय, हां. दवाखानो म्हणजे दवाखानो. तुझी आवस कधी खोटा सांगूक नाय त्येका." मी खाली बघितलं. जत्रेचं मी तिला अजूनही सांगितलेलं नाही.

"आणि त्याचे कागद?" मी विचारलं. "घरभर शोधले. ट्रंक रिकामी केली."

"फायल उशीत ना शिवलली तिणा! पावसात भिजूक नको, बाबलान फाडूक नको म्हणान."

मी तिथेच ओट्यावर बसले.

दहाव्याला तुझं अंथरूण मीच बांधलं होतं. रीतीप्रमाणे चटई, गोधडी, उशी. गाठ मारताना उशीत काहीतरी कडक लागलं हाताला. मला वाटलं, मान धरते म्हणून पुठ्ठा घातला असशील. खाडीत सोडून दिली मी ती. माझ्या ह्या हातांनी. त्याच्या जन्मापासूनचे कागद!

सांग, उशी ही काय कागद ठेवायची जागा आहे? घरात पत्र्याची ट्रंक होती, कुलूप होतं! आणि शिवायचीच होती तर एक शब्द सांगून शिवायची. मेलेल्या माणसाचं अंथरूण आपल्यात घरात ठेवत नाहीत, हे तुला माहीत नव्हतं? बाबांचं तूच सोडलंस, मी शेजारी उभी होते. पण आपणही कधी मरू, हे तुझ्या ध्यानीमनीच नव्हतं. सगळं गाव मरेल, तू तेवढी बाबलला घेऊन बाजारात बसशील!

कणकवलीच्या डॉक्टरीणबाईंकडे मग मी जैतुनखालाच्या पद्धतीने गेले. आधी फोन केला, सगळं सांगितलं. आदल्या दिवशी पायरीवर बसून आलो. दुसऱ्या दिवशी पहिला नंबर, खांद्यावर टॉवेल आणि माझ्या हातात स्टीलचा डबा. बाहेर बसलेल्या मुलीने नाक मुरडलं. "काय आहे ह्यात?"

"बांगडा."

"जेवायला आणलाय?"

"नाही. तपासायला."

डॉक्टरीणबाई हसल्या, कोट काढून खुंटीला लावला, आणि म्हणाल्या, "मासा मी धरू का?" त्यांनीच कल्ला उघडला. बाबलने त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तोंड उघडलं. त्यांनी छोटा आरसा आत घातला. मग त्या हसायच्या थांबल्या. "ताई, आत पू झालाय. निदान तीन-चार महिने तरी ह्यांना दुखत असणार."

तीन-चार महिने. त्याच महिन्यांत मी व्हय म्हाराजा म्हणत होते.

दाढ तिथेच काढायची होती. पण सुई द्यायच्या आधी त्यांनी विचारलं, कुठल्या इंजेक्शनचा कधी त्रास? मी जैतुनखालाला फोन लावला. "आसा तर," ती म्हणाली. "ल्हान असताना एका सुयेन तो निळो पडललो. मरता मरता वाचलो." कुठली सुई? "ता माका काय म्हायत गो? ता फायलीत आसा."

डॉक्टरीणबाईंनी सुई खाली ठेवली आणि मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली. तिथे भूल देणारे डॉक्टर असतात, सांभाळून देतील, म्हणाल्या. सांभाळून म्हणजे काय, ते मी विचारलं नाही. मला भीती वाटते, आये. त्या फाईलमधल्या एका ओळीने उद्याचा दिवस सोपा झाला असता, आणि ती ओळ खाडीत आहे.

परवा मी जैतुनखालाला विचारलंच. आयेने तुला, परक्या बाईला, सगळं सांगितलं, आणि पोटच्या पोरीला नाही. का? ती म्हणाली, "तुका बघूक पावणे येवचे होते, तो दिस आठवता?"

आठवतो. मी बावीसची. मी म्हणाले होते, "बाबल घरात नको हं त्या दिवशी." तू काही न बोलता त्याला जैतुनखालाकडे सोडून आलीस, आणि येऊन पोहे केलेस. तिला मात्र तू म्हणालीस, "वैशूक ह्येच्यात ओढूचा नाय. तिका तिचो संसार करूंदे."

असं होय! माझं एक वाक्य धरून बसलीस वीस वर्षं! चुकलं माझं. त्या वाक्याची मला लाज वाटते, त्याच संध्याकाळी वाटली होती, तुला येऊन सांगायची राहिली. पण आये, बावीस वर्षांच्या पोरीचं बोलणं म्हणजे काय काळ्या दगडावरची रेघ? मधे एकदा तरी विचारायचंस, वैशू, अजून तसंच वाटतं का गो? मी नाही म्हटलं असतं. मला मोकळं ठेवते, मोकळं ठेवते म्हणत तू मला आंधळं ठेवलंस, आणि त्याचे भोग भोगले त्याने.

आता ऐक. मी वही केलीय. पहिल्या पानावर डोकं, हात, गाल. मग गोळ्यांची नावं, कोट, पायरी, टॉवेल, बांगडा. जैतुनखालाला आठवेल ते सगळं. एक वही दाराजवळ खुंटीला, एक तिच्याकडे, आणि एक माझ्या रुचाला दिली. तुझी नात सतरा वर्षांची झाली. तिने विचारलं, "मला कशाला?" मी म्हटलं, माहीत असावं म्हणून. करायचं की नाही ते तुझं तू ठरव, आणि ठरवलेलं बदललंस तरी मला येऊन सांग. तिने वही वाचली आणि काल बांगडा घेऊन मामासमोर बसली. मामाने तोंड उघडलं नाही, नुसता हसला. दुखऱ्या गालानेच हसला.

इस्पितळाच्या कागदावर मी आत्ता एवढंच लिहिलं: लहानपणी एका इंजेक्शनने निळा पडला होता. कुठल्या, ते घरात कुणाला माहीत नाही.

उद्याचं नीट पार पडलं की त्याला खरंच आंगणेवाडीच्या जत्रेला नेणार आहे. खाजा घेऊन देणार आहे, दोन्ही गालांनी चावून खाऊ दे. आणि दुसरा शब्द देते, तो लक्षात ठेव. मी मरेन तेव्हा माझी उशी कुणीही खुशाल खाडीत सोडावी. तिच्यात कापसाशिवाय काही असणार नाही.

तुझीच, अजून राग न गेलेली,
वैशू